मिक्सर वरच्या मजल्यावर, बटणं खाली : कीर्तनाच्या सभागृहासाठी नेटवर्क पॅनेलं (बडोदा)

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी. दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात आमचं सभागृह आहे. तिथली ध्वनिव्यवस्था मी हौसेने सांभाळतो. वर्षभर कीर्तनं, भजनी मंडळं, अधूनमधून व्याख्यानं, आणि भाद्रपदात गणपती. मिक्सर बेहरिंगरचा एक्स३२ रॅक. तो आणि अ‍ॅम्प्लिफायर वरच्या मजल्यावरच्या खोलीत आहेत, कारण खाली कुलपात ठेवता येईल अशी जागाच नाही. सभागृहात चार स्पीकर, गर्दी झाली तर चौकात दोन.

सध्या सगळं टॅब्लेटवर चालतं, म्हणजे ज्याला तो चालवता येतो तो मुलगा हजर असला तर चालतं. तो नसला की कीर्तन रंगात असताना बुवा हाताने खूण करतात, कोणीतरी जिना चढून वर जातं आणि खालचा आवाज नीट ऐकू येत नसताना अंदाजाने फेडर (आवाज कमी-जास्त करणारी पट्टी) हलवतं. मग शिट्टी, म्हणजे स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून होणारा फीडबॅक. सत्तर-ऐंशी वर्षांची माणसं दोन-दोन तास बसून ऐकतात, त्यांना निरूपणाचा शब्द न् शब्द कळला पाहिजे. माझा सगळा खटाटोप त्यासाठी आहे.

भिंतीवर बसतील अशी तीन छोटी पॅनेलं करायचा विचार आहे : पेटीवाल्याच्या हाताशी एक, मागच्या दाराजवळ एक, चौकात एक. तयार मिळणारी बहुतेक त्या-त्या कंपनीच्याच यंत्रणेशी बोलतात आणि आमच्या आवाक्याबाहेरची आहेत. थोडं आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारे छोटे बोर्ड) येतं, सोल्डरिंग येतं. विचारायचं ते असं : वायफाय की तार? साधा पॉट (दोन्ही टोकांना थांबणारा नॉब) की न थांबता गोल फिरणारा एन्कोडर? पॅनेलांनी सरळ मिक्सरशी बोलायचं की मध्ये रास्पबेरी पाय हा छोटा संगणक ठेवायचा? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सविस्तर लिहा, घाई नाही.

राजवाडा_ध्वनी

इंदुरात मंडळांच्या कार्यक्रमांना ध्वनी देतो. एक्स३२ आहे म्हणजे तुमचं अर्धं काम झालेलं आहे. हा मिक्सर ओएससी, म्हणजे ओपन साउंड कंट्रोल, उघडपणे बोलतो. ही पद्धत १९९७ साली बर्कलीच्या सीएनएमएटी या केंद्रात निघाली, १.० आवृत्ती २००२ ची. यूडीपी या नेटवर्कवरच्या साध्या पद्धतीने छोटी पाकिटं जातात, त्यात एक पत्ता आणि एक किंमत, बस. मिक्सर १००२३ या पोर्टवर ऐकतो. पहिल्या चॅनेलच्या फेडरचा पत्ता /सीएच/०१/मिक्स/फेडर (प्रत्यक्षात इंग्रजी छोट्या अक्षरांत), किंमत ० ते १. नुसता पत्ता पाठवला, किंमत दिलीच नाही, तर मिक्सर त्या फेडरची सध्याची किंमत उत्तरात देतो. हे लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच उभं आहे.

दुसरं म्हणजे /एक्सरिमोट. हा आदेश पाठवला की इतर कोणीही केलेले बदल मिक्सर आपणहून तुम्हाला कळवत राहतो, पण फक्त दहा सेकंद. म्हणून तो दहा सेकंद पुरे व्हायच्या आत पुन्हा पुन्हा पाठवायचा. आठ सेकंदांचा टायमर लावा.

सोल्डरिंग नंतर. आधी लॅपटॉपवर पायथनच्या चार ओळी लिहून /एक्सइन्फो पाठवा. मिक्सरचं नाव आणि आयपी उत्तरात आलं की रस्ता मोकळा.

रोहिणी_मकरपुरा

मी मकरपुऱ्यात कारखान्यांच्या कंट्रोल पॅनेलचं काम करते, त्यामुळे ध्वनीबद्दल नाही, पॅनेलबद्दल लिहिते.

तीन पॅनेलं आणि चौथा टॅब्लेट, म्हणजे एका माइकवर चार जणांचे हात. अशा वेळी पहिला प्रश्न तारेचा नसतो. बुवांचा माइक या क्षणी चालू आहे की बंद, हे खरं कोणाला माहीत आहे? उत्तर एकच : मिक्सरला. पॅनेलच्या मेमरीत 'चालू' असं लिहून ठेवलंत, आणि तिकडे टॅब्लेटवरून कोणी माइक बंद केला, की पॅनेलवरचा हिरवा दिवा खोटा झाला. दिवा एकदा खोटा निघाला की माणसं त्याच्याकडे बघणं सोडतात आणि बटण पुन्हा पुन्हा दाबत बसतात. हे मी कारखान्यांत कितीतरी वेळा बघितलं आहे.

म्हणून नियम असा ठेवा : बटण दाबल्यावर दिवा लावायचा नाही. बटणाने फक्त मागणी पाठवायची. मग मिक्सरला परत विचारायचं आणि तो जे सांगेल त्या उत्तरावर दिवा लावायचा. मधे काही मिलिसेकंद जातात, बोटाला ते कळत नाही. आणि दोन सेकंद मिक्सरचं काहीच उत्तर नसेल तर सगळे दिवे एकत्र लुकलुकायला हवेत, म्हणजे समोरच्याला कळेल की पॅनेल आत्ता आंधळं आहे.

आणखी एक. 'उलट कर' असा आदेश कधीही पाठवू नका. नेटवर्कवर पाकीट हरवतं, कधी दोनदा पोचतं. 'उलट कर' दोनदा पोचलं तर माइक होता तिथेच. 'चालू कर' दहा वेळा पोचलं तरी चालूच.

लष्करकर

ग्वाल्हेरहून. रोहिणीताईंशी पूर्ण सहमत, फक्त एन्कोडरची घाई करू नका असं सांगायचं आहे. वयस्कर माणसाला दोन्हीकडे थांबणारा गोल नॉब, म्हणजे पॉट लागतो. हात लावला की कळतं, किती उघडा आहे. सतत फिरत राहणाऱ्या एन्कोडरला ना सुरुवात ना शेवट. आमच्याकडे भजनाला मी पॉटच लावले आहेत.

ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड) घेणार असाल तर पॉट फक्त ३२ ते ३९ या पिनांवर, म्हणजे एडीसी १ (व्होल्टेज मोजणारा भाग) वर लावा. वायफाय चालू असताना एडीसी २ च्या पिना वाचता येत नाहीत, बोर्डवर असं काही लिहिलेलं नसतं आणि माणूस कोडमधली चूक शोधत बसतो. त्या एडीसीचं मोजमाप दोन्ही टोकांना सरळ रेषेत नसतं, तेव्हा टोकाचा थोडा भाग कोडमध्ये सोडून द्यायचा. सोळा वाचनांची सरासरी घ्या, नाहीतर हात न लावताच फेडर थरथरत राहील. ३४ ते ३९ या पिनांना आतला पुल-अप (बटण मोकळं असताना पिन स्थिर धरणारा रेझिस्टर) नाही. तिथे बटण लावलंत तर बाहेरून रेझिस्टर द्यावा लागेल.

राजवाडा_ध्वनी

लष्करकर, पॉट एकाच ठिकाणी असेल तर तुमचं खरं. इथे तीन आहेत. पेटीजवळ पॉट अर्ध्यावर, दाराजवळ कोणी तोच माइक वर नेला, आता पेटीजवळचा पॉट जरा हलवला की आवाज एकदम उडी मारून खाली. निरूपणात अशी उडी बसली तर सगळ्या सभागृहाची तंद्री मोडते. सॉफ्टवेअरमध्ये 'पॉट प्रत्यक्ष किमतीला भेटेपर्यंत काही करू नकोस' असं सांगता येतं, पण मग माणूस पॉट फिरवतो आहे आणि काहीच होत नाही, असा प्रकार.

एन्कोडर आणि त्याभोवती एलईडीचं कडं हा मधला मार्ग. कडं मिक्सरची किंमत दाखवतं, हात फक्त थोडं वर-थोडं खाली एवढंच सांगतो.

मात्र एक पायरी म्हणजे ०.०१ असं करू नका. एक्स३२ चा फेडर सरळ नाही. अर्ध्याच्या वर डेसिबल म्हणजे किमतीच्या ४० पट वजा ३०. म्हणून ०.७५ ला शून्य डीबी, ०.५ ला उणे १०. अर्ध्यापासून पावापर्यंत ८० पट वजा ५०, म्हणजे ०.२५ ला उणे ३०. त्याच ०.०१ ने वरच्या भागात ०.४ डीबी हलतं आणि खाली त्याच्या दुप्पट, आणखी खाली चौपट. पायरी डेसिबलमध्ये ठरवा, एका खटक्याला १ डीबी, मग तिचं ० ते १ मध्ये रूपांतर करून पाठवा. हाताला सगळीकडे सारखं लागेल.

पेटीमास्तर

मला संगणकातलं काही कळत नाही, पण बडोद्यातच कीर्तनाला पेटीची साथ करतो, म्हणून पॅनेल माझ्यासारख्याच्या हाताशी येणार आहे, तेव्हा बोलतो.

उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. उजवा उचलता येत नाही. डावा उचलता येतो, भात्यात हवा आहे तेवढाच वेळ. म्हणजे पॅनेल डाव्या हाताला पाहिजे, वीतभर अंतरावर, आणि काम एका स्पर्शात झालं पाहिजे. दाबून धरा, मग फिरवा, मग सोडा, हे जमणार नाही.

पॅनेलवर मला काय हवं ते सांगतो. बुवांचा आवाज. पेटीचा आवाज. आणि आमच्या समोरचा छोटा स्पीकर, ज्यात बुवांचा स्वर मला ऐकू येतो. तबल्याचं मला देऊ नका, ते तबलजीला आवडणार नाही आणि मला त्यातलं कळतही नाही.

आणि एक गोष्ट जी टॅब्लेटवाल्या मुलांच्या लक्षात येत नाही. निरूपणात बुवांचा आवाज खाली येतो, कधी कुजबुजल्यासारखा, आणि त्या वेळी झांजा शांत असतात. तेव्हा माइक उघडा हवा. पद सुरू झालं की बुवा झांज हातात घेतात, ती त्यांच्या माइकपासून फूटभर. उघडलेला माइक ती झांज सगळ्यांच्या कानात घालतो. पूर्वरंग असो की उत्तररंग, हे सारखं वर-खाली चालतं. मला फेडर नको, दोन बटणं द्या : एक 'पद', एक 'निरूपण'.

दांडियाबाजारकर

मास्तर, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मी चॅनेलनिहाय फेडर मांडून ठेवले होते, आता आराखडाच बदलतो. पेटीजवळच्या पॅनेलवर दोन मोठी बटणं आणि तीन एन्कोडर, एवढंच.

'पद' आणि 'निरूपण' ला मिक्सरमध्ये दोन सीन (पूर्ण मिक्सरच्या साठवलेल्या मांडण्या) करून ठेवू का?

राजवाडा_ध्वनी

सीन नको. सीन बोलावला की मिक्सरमधलं जवळजवळ सगळं त्या दिवशीच्या स्थितीला जातं. त्या दिवशी चौकातले स्पीकर बंद होते तर आजही बंद होतील, आणि बाहेर बसलेल्या लोकांचा आवाज अचानक जाईल. स्निपेट वापरा. त्यात फक्त निवडलेल्या गोष्टी साठवता येतात. बुवांच्या चॅनेलचं इक्यू (आवाजातल्या पट्ट्या कमी-जास्त करणं) आणि कॉम्प्रेसर (मोठा-लहान आवाज जवळ आणणारा) एवढंच स्निपेटमध्ये ठेवा, फेडर त्यात घेऊच नका. मास्तरांनी हाताने लावलेली पातळी बटण दाबल्यावर पुसली जाता कामा नये. पदाच्या स्निपेटमध्ये वरच्या पट्टीतलं थोडं कापा, कॉम्प्रेसर सैल. निरूपणात उलट.

रोहिणी_मकरपुरा

मास्तरांचा मुद्दा माझ्या क्षेत्रातही तंतोतंत लागू आहे. ज्याच्या हाती पॅनेल जाणार त्याला आधी विचारायचं.

आता मध्ये रास्पबेरी पाय ठेवायचा का, याबद्दल. ठेवा. पॅनेलं सरळ मिक्सरशी बोलू शकतात, पण मग मर्यादा, परवानग्या, वेळेचे नियम हे सगळं तीन ठिकाणी लिहावं लागेल आणि बदलायचं तर तीन डबे उघडावे लागतील. पाय मिक्सरशी ओएससीत बोलेल, पॅनेलं पायशी एमक्यूटीटीत. एमक्यूटीटी १९९९ सालची, तेलाच्या पाइपलाइनवर दूरून लक्ष ठेवण्यासाठी केलेली पद्धत आहे, त्यामुळे तुटणाऱ्या जोडण्या तिने गृहीतच धरल्या आहेत. दोन सोयी तुमच्या कामाच्या. संदेश 'रिटेन' करून ठेवला की वीज जाऊन परत आलेल्या पॅनेलला जोडल्या क्षणी शेवटची स्थिती मिळते. आणि 'लास्ट विल' : पॅनेल अचानक गप्प झालं तर ब्रोकर (संदेश वाटणारा मधला प्रोग्राम) स्वतःच बाकीच्यांना कळवतो.

पॅनेलने 'एक पायरी वर' पाठवायचं नाही. पाहिजे ती पातळी डेसिबलमध्ये पाठवायची. पाय ती मर्यादेत बसते का बघेल, मिक्सरला देईल, लगेच परत विचारेल आणि आलेलं उत्तर सगळ्या पॅनेलांना वाटेल.

मर्यादा फार महत्त्वाची. मुलांना घेऊन सभागृह रिकामं असताना सगळे माइक जागेवर लावून शिट्टी कुठे सुरू होते ते काढा, त्याच्या खाली चांगली ६ डीबी जागा सोडा. तो पॅनेलचा वरचा शेवट. खालचा शेवट साधारण उणे २०. मग कोणीही कितीही फिरवलं तरी शिट्टी नाही आणि बुवा पूर्ण गायबही नाहीत. लष्करकरांना हवी होती ती सुरुवात आणि शेवट अशी मिळते, कडं भरलं की भरलं.

लष्करकर

हे पटलं. कड्याचा शेवटचा एलईडी वेगळ्या रंगाचा करा, म्हणजे आणखी फिरवून उपयोग नाही हे दिसेल.

तारेवरची_ताई

मी नेटवर्कचं काम करते, मुक्काम सध्या पुणे, माहेर बडोद्यात वाडीला. वायफायचा प्रश्न कोणी हातात घेतला नाही म्हणून लिहिते. तार टाका. साधा ईएसपी३२ फक्त २.४ गीगाहर्ट्झवर बोलतो आणि त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. गणपतीत सभागृह भरलं की प्रत्येकाच्या खिशात फोन, शेजारच्या घरांचे राउटर, आणि तेव्हाच तुम्हाला पॅनेल लागणार. टॅब्लेट ५ गीगाहर्ट्झवर राहू द्या, पॅनेलं तारेवर.

तार टाकतच आहात तर वीजही तिच्यातूनच द्या. ८०२.३एएफ प्रतीचा पीओई स्विच (नेटवर्कच्या तारेतूनच वीज देणारा) पोर्टला १५.४ वॅट देतो, दुसऱ्या टोकाला १२.९५ वॅट धरायचे. तुमच्या पॅनेलला त्यातला थोडाच भाग पुरेल. भिंतीत वेगळा अ‍ॅडॉप्टर नको, स्विचला एक यूपीएस लावला की तिन्ही पॅनेलं यूपीएसवर. बाजारात २४ व्होल्टचे 'पॅसिव्ह पीओई' इंजेक्टरही मिळतात, ते न विचारता वीज सोडतात, ते घेऊ नका. काही स्वस्त पीओई बोर्डांत अलगीकरण (तारेतली वीज बाकी सर्किटपासून वेगळी ठेवणं) नसतं, त्यांना तार जोडलेली असताना यूएसबीने लॅपटॉप लावायचा नाही, लॅपटॉप जाऊ शकतो.

केबल साधी, शील्ड नसलेली कॅट ६ पुरेल, १०० मीटरच्या आत. इथरनेटच्या प्रत्येक टोकाला ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे या तारेतून हम (विजेची घुमघुम) येत नाही. शील्डवाली घेऊन दोन्ही टोकं अर्थ केलीत तर मात्र हम स्वतःहून बोलावाल. विजेच्या वायरिंगच्या पाइपातून ती नेऊ नका. आणि चौक ओलांडून उघड्यावरून जात असेल तर तो तुकडा फायबरचा करा, पावसाळ्यातल्या विजांसाठी.

स्विच वरच ठेवा, मिक्सरजवळ. ऑगस्ट २०२४ चा विश्वामित्रीचा पूर ज्यांनी पाहिला त्यांना खाली का नको हे सांगायला नको.

शेवटचं : एक्स३२ ओएससीला पासवर्ड मागत नाही. त्याच नेटवर्कवरचा कोणीही फोन तुमचे माइक बंद करू शकतो. म्हणून हे नेटवर्क वेगळं, त्याला इंटरनेट नाही, आणि त्याच्या वायफायचा पासवर्ड पाहुण्यांना द्यायचा नाही.

दांडियाबाजारकर

ताई, खूप आभार. चौकाचा तुकडा उघड्यावरूनच आहे, फायबरचं बघतो.

चौकातल्या पॅनेलबद्दल एक विचार आहे. आजूबाजूला घरं आहेत, लहान मुलं, आजारी माणसं. रात्री दहा वाजता चौकातले स्पीकर आपोआप बंद व्हावेत असं पायमध्ये लिहिलं तर?

तारेवरची_ताई

जरूर लिहा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सणांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, म्हणून वेळ कोडमध्ये गाडून टाकू नका, तारखांची यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. झटक्यात बंद करू नका. पावणेदहाला पॅनेलवर दिवा लावा, शेवटच्या काही मिनिटांत पातळी हळूहळू खाली आणा. बुवांना आरतीकडे वळायला वेळ मिळतो आणि शेजाऱ्यांनाही.

पण नेटवर्कला इंटरनेट नाही, म्हणजे पायला वेळ कुठून कळणार? पाय ४ पर्यंत बोर्डवर घड्याळच नाही, वीज गेली की त्याची वेळ मागे पडते. डीएस३२३१ चं छोटं घड्याळ बॅटरीसह लावा. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण बॅटरी वेगळी जोडावी लागते. आणि एसडी कार्डावरचा फाइल-साठा फक्त वाचण्यापुरता करून ठेवा, रास्पी-कॉन्फिगमध्ये ओव्हरले नावाने ती सोय आहे. रोज मेन स्विचवरून सगळं बंद होणाऱ्या जागी कार्ड खराब व्हायचं हे मुख्य कारण. तारखांची फाइल बदलायची त्या दिवशी तेवढ्यापुरतं ओव्हरले काढा.

पेटीमास्तर

पावणेदहाचा दिवा माझ्या पॅनेलवरही द्या. बुवांची पाठ चौकाकडे असते, मी त्यांना सुरातून खूण करू शकतो.

दांडियाबाजारकर

देतो मास्तर, नक्की. पॅनेलच्या पत्र्यावर 'सीएच १' वगैरे काही लिहिणार नाही : 'बुवा', 'पेटी', 'आपला स्पीकर', 'पद', 'निरूपण'. अक्षरं मोठी, अंधारात दिसतील अशी.

रोहिणीताई, पहिलं पॅनेल तयार झालं की कीर्तनाला लावण्याआधी काय काय तपासू?

रोहिणी_मकरपुरा

तारा उपटून बघा. सभागृहात गाणं लावून ठेवा आणि एकेक गोष्ट काढा. पॅनेलची तार काढली : गाणं तसंच चालू, बाकी पॅनेलं तशीच. परत लावली : काही सेकंदांत कड्यावर खरी पातळी, हात न लावता. पाय बंद केला : गाणं चालू, सगळ्या पॅनेलांचे दिवे लुकलुकतात, टॅब्लेट चालतो. मिक्सर बंद करून चालू केला : पॅनेलांनी मिक्सरला जुन्या किमती ढकलता कामा नयेत, मिक्सर काय सांगतो ते घ्यायचं. इथे बहुतेकांचं कोड चुकतं. मग दोन जणांनी दोन पॅनेलांवरून एकच एन्कोडर एकाच वेळी विरुद्ध दिशांना फिरवा, दोन्ही कडी शेवटी एकाच जागी थांबली पाहिजेत.

यातल्या कुठल्याही पायरीला आवाज गेला किंवा उडी आली तर पॅनेल भिंतीवर चढवू नका. आणि टॅब्लेट काढून टाकू नका, तो कायम वर चार्जिंगला असू दे.

डब्यासाठी दीड मिलिमीटर पत्रा घ्या, मकरपुऱ्यात कापून-वाकवून मिळेल. एन्कोडरची भोकं ७ मिलिमीटरची सांगा, आधी हातातल्या एन्कोडरची मान मोजून.

दांडियाबाजारकर

भजनी मंडळाच्या सरावाला हीच परीक्षा लावतो. मास्तर, त्या दिवशी पेटी घेऊन याल का? पॅनेल डावीकडे किती अंतरावर बसवायचं ते तुमच्या हातानेच ठरवू. वायरिंगचा नकाशा आणि कोड इथेच टाकतो.

पेटीमास्तर

येतो. तबलजीलाही आणतो, त्याला आपला स्पीकर कुठे लागतो ते त्यालाच विचारा.